आधीची पार्टी

१

घर बघायला आलेली माणसं काय काय करतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. दारात चपला काढतात, आधी छताकडे बघतात, मग बोटांच्या पेरांनी भिंत वाजवतात. टरबूज घेताना वाजवावं तशी. आतून कसला आवाज आला की घर चांगलं, हे मला कुणीच सांगितलं नाही. मग नळ पूर्ण सोडतात, धारेकडे बघत उभे राहतात, बंद करतात. खिडकी उघडून खाली वाकतात. कपाटात डोकं घालतात. आणि जिना उतरताना म्हणतात, "कळवतो."

सोळा महिन्यांत एकानेही कळवलं नव्हतं.

"ताई, तुमच्या घरात खोट नाही," एजंट म्हणायचा. "मार्केट झोपलंय. आमच्या बाजूच्या ऑफिसवाल्याने तर कंटाळून झेरॉक्सचं मशीन टाकलं." तो गोल चेहऱ्याचा, सदा घामेजलेला माणूस होता. तिसरा मजला चढून आला की आधी दोन मिनिटं दाराची चौकट धरून उभा राहायचा. गिऱ्हाईकही तसंच उभं राहायचं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. घराची खोट तीच होती, आणि घर विकण्याचं कारणही तेच.

मास्तर, म्हणजे माझे मिस्टर, शाळेत कवायत शिकवायचे. अंगाने धिप्पाड. मैदानाच्या त्या टोकाला उभं राहून हाक मारली तर या टोकाची पोरं सरळ व्हायची. वीस महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि सगळे शब्द गेले. एकच उरला, 'हो'. तहान लागली तरी हो, नको असलं तरी हो. मी सुरावरून ओळखायला शिकले. होकाराचा 'हो' आखूड असायचा, खाली टेकणारा. नकाराचा लांबायचा आणि वर चढायचा, शिट्टीसारखा.

हॉस्पिटलमधून वर आणताना त्यांना सहा माणसं लागली होती. त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई एकदाच वर आल्या, घामाघूम झाल्या आणि स्वच्छ सांगून गेल्या, "पहिल्या दोन वर्षांत जे परत येईल ते येईल. यांना सेंटरला आणा. रोज." सेंटरच्या मागच्याच गल्लीत तळमजल्यावर एक घर होतं. मालकीण एकटी, वयस्कर, भली बाई. आमच्यासाठी तिने ते महिनाअखेरपर्यंत थांबवून ठेवलं होतं. त्यापुढे तिलाही थांबता येणार नव्हतं.

आणि लेकीचा फोन रोज यायचा. तिच्या गावाजवळ एक संस्था होती. तळमजला, नर्स, सगळं होतं. फक्त बायकोला तिथे राहायची सोय नव्हती. भेटायला रविवारी दोन तास. लेकीने फॉर्म भरून ठेवला होता.

"महिनाअखेरपर्यंत बघू, आई. नाहीतर मी येते आणि बाबांना घेऊन जाते. तू एकटी किती करशील?"

तिचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच मला तिच्याशी भांडता येत नव्हतं.

२

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एजंटने एकाच दुपारी दोन कुटुंबं आणली. मिळून सात माणसं. आमचं घर छोटं. मधे हॉल, डावीकडे स्वयंपाकघर, उजवीकडे आतली खोली. मास्तरांची कॉट हॉलमध्ये. आतली खोली एजंटच्या सल्ल्याने मी पूर्ण रिकामी करून टाकली होती. "मोकळी खोली मोठी दिसते, ताई." भिंतीतलं कपाट तेवढं राहिलं होतं.

सात माणसं फिरली, भिंती वाजल्या, नळ सुटले. "कळवतो" झालं. मी दार लावलं, कडी घातली आणि मास्तरांच्या पायाशी बसले. चार वाजले असतील.

आतल्या खोलीत कुणीतरी भिंत वाजवली.

तीन टिचक्या. थोडं थांबून, जरा पुढे सरकून, पुन्हा तीन.

कुणीतरी मागे राहिलं, एवढंच मनात आलं. मला हसूच आलं. म्हणजे एखादे आजोबा आत राहिले आणि घरचे त्यांच्याशिवाय जिना उतरून गेले! "अहो, इकडे या, तुमची माणसं निघाली," असं म्हणत मी आत गेले.

खोलीत कुणी नव्हतं. खिडकी उघडी होती.

सातजण आत आले तसे सातही बाहेर गेले होते. दारात उभं राहून मी प्रत्येकाला नमस्कार केला होता. खिडकी त्यांच्यापैकीच कुणीतरी उघडी टाकली असणार. आणि भिंतीपलीकडे शेजारी राहतात. ते खिळा ठोकणार नाहीत तर कोण ठोकणार? मी खिडकी लावली. वळले तर स्वयंपाकघरातला नळ जोरात सुटला. क्षणभर धार वाजली आणि बंद झाला.

जुन्या नळात हवा अडकते. हे मी मास्तरांना मोठ्याने सांगितलं.

"हो," मास्तर म्हणाले. तो कुठला 'हो' होता, मला नीट कळलं नाही.

३

पुढच्या गिऱ्हाइकाने तर आमची शोभाच केली. बँकेतले साहेब होते. एकटे आले, टेप घेऊन आले, दम न खाता जिना चढले. मला मनातून आवडले. असा माणूस 'कळवतो' म्हणत नाही. हो किंवा नाही म्हणतो.

हॉल मोजला, स्वयंपाकघर मोजलं. मग ते आतल्या खोलीकडे गेले. दार अर्धवट लोटलेलं होतं. त्यांनी ते उघडलं, "ओह, सॉरी," म्हणाले आणि परत ओढून घेतलं.

माझ्याकडे वळले तेव्हा चेहरा बदललेला होता.

"आत आधीच एक पार्टी बघतेय."

"आत? कोणी नाही हो आत."

"बाई," ते टेप गुंडाळत म्हणाले, "मी अशी आठ घरं बघितली आहेत. एजंट एक खोटं गिऱ्हाईक उभं करतो, भिंती ठोकतो, म्हणजे आम्ही घाबरून आज टोकन देऊ. माझ्यावर हे चालत नाही."

"अहो, पण दार उघडून बघा तरी!"

"बघितलं की."

एजंट मधे पडायला गेला, तर साहेबांनी त्याला असं काही सुनावलं की तो जिन्यापर्यंत त्यांच्या मागे नुसता "सर, सर" करत गेला. मी दार ढकललं. खोली रिकामी होती. कपाटाचं एक दार उघडं होतं.

एजंट परत वर आला. मला वाटलं, आता हा माझी समजूत घालेल.

"ताई, तुम्ही दुसऱ्या एजंटला चावी दिलीये," तो म्हणाला. "द्या, मालक तुम्ही आहात. पण मला सांगून द्या. आजवर चार पार्ट्या ह्याच कारणाने गेल्या. खाली उतरल्यावर प्रत्येकजण मला हेच म्हणतो, 'आत कुणी बघत होतं.' मी म्हटलं, असेल, बिचाऱ्यांची निकड आहे, दोन ठिकाणी प्रयत्न करत असतील. पण एकाच वेळी कशाला?"

"चार पार्ट्या? आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"तुम्हाला ठाऊक असणार असं धरून चाललो होतो."

आम्ही तिथेच, मास्तरांच्या कॉटजवळ, भांडलो. मी त्याला म्हटलं, तूच कुणाला तरी आत घुसवतोस. त्याने मुलीची शपथ घेतली. मीही माझ्या मुलीची घेतली. मग भांडण तिथेच थांबलं, कारण दोघंही खरं बोलतोय हे दोघांनाही कळलं होतं. तो माझ्याकडे न बघताच चपला घालून निघून गेला.

४

दुसऱ्या दिवशी मी कुलूप बदललं. कुलूपवाला दोन चाव्या देऊन गेला आणि मी दोन्ही गळ्यातल्या साखळीत अडकवल्या. कामावर रजा टाकली.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तेवीस वर्षं झाली. "आता स्पष्ट दिसतं, की आता?" हे वाक्य मी दिवसातून शेकडो वेळा म्हणते. लोकांना जे दिसतं म्हणून वाटतं आणि जे खरंच दिसतं, यात किती फरक असतो ते मला चांगलं माहीत आहे. म्हणून मी घाबरायचं नाकारलं. दिवसाढवळ्या, खिडकीतून ऊन आत येत असताना, आतल्या खोलीत सतरंजी टाकून मी बसून राहिले. येऊ दे काय येतं ते.

तासभर काही झालं नाही. मग स्वयंपाकघरात टिचक्या वाजल्या.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आतल्या खोलीची खिडकी उघडल्याचा आवाज आला. आतल्या खोलीत गेले. स्वयंपाकघरातला नळ सुटला. मी चालत होते, मग भराभर चालायला लागले, मग धावायला. कितीही धावले तरी जिथे मी नसायची तिथून आवाज यायचा. घाई कसलीच नाही. सावकाश, एकेक वस्तू पारखून बघणाऱ्या माणसाची ती लय होती.

शेवटी मी स्वयंपाकघराच्या दारात धापा टाकत थांबले आणि मास्तरांकडे बघितलं.

हॉल मधोमध आहे. एका खोलीतून दुसरीत जायचं तर मास्तरांच्या कॉटसमोरूनच जावं लागतं. मास्तर उशीला टेकून बसलेले होते. त्यांचे डोळे माझ्या बाजूच्या भिंतीपासून निघाले आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले. सावकाश, एकसंध. तिथे थांबले.

मी दाराची चौकट धरली. कारण हे मला माहीत आहे, हे माझं काम आहे. रिकाम्या जागेवरून डोळे असे सरकत नाहीत. कुणालाही सांगून बघा, समोरच्या भिंतीवरून नजर हळूहळू डावीकडून उजवीकडे ने, जमत नाही. बुबुळं उड्या मारतात, धक्के खात पुढे जातात. ती गुळगुळीत सरकतात ते एकाच वेळी. समोर काहीतरी खरोखर चालत जात असेल तेव्हा.

"अहो," मी विचारलं, "कोणी आहे का?"

"हो."

आखूड. खाली टेकणारा.

५

लेकीला फोनवर मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी आली असती आणि एकाऐवजी दोन फॉर्म भरले असते. मी एवढंच विचारलं, "तुझे बाबा तिथे रडले तर कुणाला कळणार गं? ते 'हो'च म्हणणार. त्या नर्सना वाटेल, खूश आहेत."

 ती म्हणाली, "आई, अजून दहा दिवस आहेत."

दहाचे सहा झाले. तळमजल्याच्या मालकिणीचा निरोप आला. तिच्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, रोख घेऊन. तिने पुन्हा शब्द पाळला, पण तिच्या आवाजात आता अवघडलेपण होतं.

मास्तरांच्या पाठीवर एक लाल चट्टा उठला होता. मी त्यांना कुशीवर वळवून पावडर लावत होते आणि आत टिचक्या चालू होत्या. तीन, थांबून तीन. तोवर मी त्या ऐकूनही न ऐकल्यासारखं करायला शिकले होते. त्या दिवशी मात्र माझा संयम सुटला. पावडरचा डबा हातात घेऊनच मी आतल्या खोलीच्या दारात गेले.

"काय बघायचंय अजून?" मी ओरडले. "किती दिवस बघणार? घ्यायचं असेल तर घ्या, नाहीतर चालते व्हा! तुमच्यामुळे कुणी टिकत नाही इथे."

आवाज थांबला.

मग मला काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. मी रडायला लागले आणि रडता रडता घर दाखवायला लागले. सोळा महिन्यांत कुणालाही न सांगितलेलं सगळं सांगितलं. ह्या कोपऱ्यात ओल येते, वरून रंग दिलाय. ते कपाट वाकलंय. ह्या खोलीत लेक चालायला शिकली. मास्तर इथे सकाळी जोर काढायचे आणि खालचे लोक तक्रार करायचे. सकाळचं ऊन ह्या भिंतीपर्यंत येतं, दहा वाजेपर्यंत थांबतं. एवढंच आहे, म्हटलं. ह्याहून जास्त काही नाही.

खोली ऐकत होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. दुकानात अंधाऱ्या खोलीत पेशंट समोर बसतो, तेव्हा तो दिसत नसला तरी त्याचं लक्ष आपल्याकडे आहे हे कळतं ना, तसं.

६

महिना संपायला तीन दिवस असताना एजंटचा फोन आला. आवाज खालच्या पट्टीत.

"शेवटची पार्टी आणतोय, ताई. नवराबायको आहेत, तरुण. तिचे दिवस भरत आलेत. बाळ यायच्या आत घर हवंय, जिन्याचं काही वाटत नाही म्हणतात. तेवढं... आज आत कुणी नसू दे."

"माझ्या हातात असतं तर," मी म्हणाले.

मुलगी हसरी होती. सहाव्या-सातव्या महिन्यात असेल असं वाटावं इतकी चटपटीत. जिना चढून आली तरी आधी मास्तरांकडे गेली, वाकून नमस्कार केला आणि "काका, तुमची झोपमोड केली" म्हणाली. मास्तरांनी डावा हात उचलला. किती दिवसांनी बाहेरचं कुणी त्यांच्याशी बोललं होतं! तिचा नवरा अबोल, हिशेबी चेहऱ्याचा. तो स्वयंपाकघरात नळ बघत होता, तेवढ्यात ती आतल्या खोलीत गेली.

मी तिला अडवायला हवं होतं. मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी राहिले.

ती पाच मिनिटं आत होती. मधे एकदा हसल्याचा आवाज आला. बाहेर आली ती नवऱ्याला हाक मारतच.

"अरे, सकाळचं ऊन पार त्या भिंतीपर्यंत येतं म्हणे, दहापर्यंत. पाळणा तिथेच ठेवू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कोपऱ्यातल्या ओलीचंही सांगितलं. किती प्रामाणिक माणूस! काकू, ते कोण तुमचे?"

एजंटचा रुमाल कपाळावरच थांबला.

"कोण आहे आत?" नवरा स्वयंपाकघरातून आला. "दुसरी पार्टी आहे का? असेल तर आत्ताच सांगा. आम्ही चढाओढीत पडणार नाही. आम्हाला दुसरं एक घर पसंत आहे."

मला त्या क्षणाचा सगळा तपशील आठवतो. एजंट मान खाली घालून फरशी बघत होता. मुलीच्या एका हाताची बोटं पोटावर होती. तिच्यामागे आतलं दार वीतभर उघडं होतं. खरं सांगावं, असं मला वाटलं. तिला आल्या पावली परत पाठवावं. आणि तिच्या खांद्यावरून मला मास्तर दिसत होते. संस्थेतल्या कॉटवर, रविवारची वाट बघणारे, नर्सला "हो" म्हणणारे.

"दुसरी पार्टी नाही," मी म्हणाले. "आमच्यातलेच आहेत."

"इथेच राहतात?"

"हो."

"म्हणजे घर पूर्ण रिकामं मिळेल ना? नंतर कुणी म्हणायला नको, मी कुठे जाऊ."

"ते आमच्याबरोबर येणार," मी म्हणाले. "आम्ही जाऊ तिकडे."

आतल्या खोलीची खिडकी कुणीतरी हळूच लावून घेतली. सगळ्यांनी ऐकलं.

"हो!" मास्तर ओरडले.

तो लांब होता. तो वर चढत गेला, चढतच गेला, मैदानाच्या त्या टोकापर्यंत पोचेल असा. वीस महिन्यांत एवढ्या जोराने ते काहीच बोलले नव्हते. त्यांची मान ताठ झाली होती आणि डोळे माझ्यावर रोखलेले.

एजंटला सुटल्यासारखं झालं. तो मोठ्याने हसला. "बघा! मास्तरांनी पण होकार दिला!"

सगळे हसले. मीही हसले.

७

त्या दिवसापासून टिचक्या बंद झाल्या. नळ सुटला नाही, खिडकी उघडली नाही. कागद झाले, सह्या झाल्या, सामान बांधून झालं. सामान बांधताना घरात माणूस कमी पडत नाहीये असं मात्र वाटायचं. मी खोका चिकटवायला घेतला की त्याचं दुसरं टोक आधीच दाबून धरल्यासारखं असायचं.

मास्तर माझ्याशी बोलत नव्हते. हसू नका. एक शब्द असलेला माणूसही अबोला धरू शकतो.

त्यांना उतरवायला एजंटने दोन माणसं पाठवली. सामान चढवणारी, कसलेली. त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवून पट्ट्यांनी बांधलं. एकाने पुढचे पाय धरले, एकाने मागची पाठ. मी औषधांची पिशवी घेऊन सगळ्यात शेवटी, चार पायऱ्या वर.

दुसऱ्या मजल्यावर जिना अरुंद वळण घेतो. पुढचा माणूस वळला, खुर्ची तिरकी झाली, मागचा भिंतीला खेटला. "धर रे, धर!" म्हणाला.  खुर्ची डावीकडे कलत होती.

आणि कलायची थांबली.

खुर्चीच्या डाव्या हाताखाली, बसायच्या फळीच्या कडेला, एक हात होता. पुढच्या माणसाचे दोन्ही हात मला दिसत होते. मागच्याचेही दोन. हा वेगळा होता. लांब बोटं, राखाडी बाही. मुठीवरची चारही पेरं सोलवटलेली होती. भिंतीवर वर्षानुवर्षं वाजवून वाजवून सोलवटावीत तशी, कातडी जाऊन खाली काहीतरी गुळगुळीत झालेली.

मास्तर त्या हाताच्या वर, जिथे चेहरा असायला हवा तिथे बघत होते. मी कठड्यावरून जरा वाकले असते तर तो दिसला असता. मी वाकले नाही. मी औषधांच्या पिशवीचे बंद मोजल्यासारखे चाचपत उभी राहिले, खुर्ची वळून दिसेनाशी होईपर्यंत.

खाली पोचल्यावर पुढच्या माणसाने घाम पुसला. "मास्तर दिसतात तेवढे जड नाहीत हो," तो म्हणाला. "मधे तर एकदम हलके झाले."

८

नवं घर चांगलं आहे. उंबऱ्याला उतार करून घेतला आहे. गल्ली ओलांडली की सेंटर. मी मास्तरांना चाकांच्या खुर्चीतून रोज नेते. त्यांच्या पाठीवरचा चट्टा गेला. तोंडावर ऊन आलं.

पहिले तीन दिवस मी कान देऊन होते. भिंत वाजेल, नळ सुटेल. काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि तिच्यावर कुणीतरी बसलं. लांबचा प्रवास करून आलेला माणूस बसतो तसं, सगळं अंग सोडून. मी ते दार ओढून घेतलं. त्या खोलीत आमचं तसं काही सामान नाही. दोन खोल्या पुरतात आम्हाला.

जुन्या घरून त्या मुलीचा फोन आला होता. मुलगा झाला. सगळं छान आहे, म्हणाली. "आणि त्या काकांना सांगा, ऊन खरंच दहापर्यंत थांबतं."

तीन महिन्यांनी सेंटरमध्ये मास्तरांची परीक्षा झाली. थेरपिस्ट बाईंनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. यादीत खूप लोक थांबलेत. ज्यांच्यात सुधारणा दिसत नाही त्यांची जागा पुढच्याला द्यावी लागते. पाच प्रश्न, उत्तरं डाव्या हाताच्या बोटांनी. चार बरोबर यायला हवीत.

मी मास्तरांच्या शेजारी बसले. बाई समोर, मांडीवर फॉर्म.

"आठवड्यात सुट्टीचे वार किती?" एक बोट. त्यांच्या शाळेला एकच असायची. बाईंनी मान डोलावली.

"तुम्हाला मुलं किती?" एक.

"ह्या खोलीला दारं किती?" मास्तरांनी वळून बघितलं. दोन.

"माणसाला हात किती?" मास्तर थांबले.  मग त्यांनी तीन बोटं वर केली. मला जिन्यातला तो हात आठवला. बाईंनी ओठ दाबून फुली मारली.

"शेवटचा. सावकाश, मास्तर, घाई नाही. तुमच्या घरात माणसं किती?"

तीन बोटं तशीच वर होती. त्यांनी ती खाली घेतली नाहीत.

"दोन ना?" बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही आणि ह्या. पुन्हा दाखवा बघू."

तीन.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाईट वाटत होतं. पेनचं टोक चौकटीवर होतं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काय म्हणते यावर सगळं अवलंबून आहे.

"बरोबर आहे त्यांचं," मी म्हणाले. "तिघं आहोत आम्ही."

"अरे वा! मला वाटलं, तुम्ही दोघंच." बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी चौकटीत खूण केली, खाली सही केली आणि आमची पुढच्या सहा महिन्यांची वेळ लिहून घेतली. "मग त्यांनाही आणत जा की सेंटरला. घरातलं आणखी एक माणूस मदतीला असलं, तर मास्तर लवकर बोलायला लागतील."

मास्तरांनी बोटं मिटली. खुर्ची ढकलत मी त्यांना बाहेर घेऊन आले. सेंटरच्या दारातल्या उतारावर खुर्ची जड जाते, दोन्ही हातांनी मागे खेचून धरावी लागते. त्या दिवशी मी एकच हात लावला होता.